डोळ्यांना कोण सांगतं?

१६ नोव्हेंबर २०१३, शनिवार. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारताने वेस्ट इंडिजला एक डाव आणि १२६ धावांनी हरवलं होतं. सामना तिसऱ्याच दिवशी संपला होता, मालिका जिंकली होती, रडण्यासारखं काही झालं असेल तर ते पाहुण्या संघाच्या बाजूला. तरीही मैदानात आणि घराघरांत टीव्हीसमोर मोठमोठी माणसं, त्यातही कधी न रडणारे बापे, डोळे पुसत होती. सचिन तेंडुलकर हातात नावांची यादी धरून बोलत होता. पहिलं नाव १९९९ साली गेलेल्या वडिलांचं. मग आई, जी मुलाचा सामना बघायला पहिल्यांदाच मैदानात आली होती. मग भाऊ, बहीण, बायको, मुलं. आणि प्रशिक्षक आचरेकर सर. पोरगा सुस्तावेल म्हणून सरांनी २९ वर्षांत एकदाही 'छान खेळलास' म्हटलं नाही. आता पुढे सामनेच उरले नाहीत, तेव्हा आता त्यांनी तेवढं म्हणून टाकायला हरकत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. नंतर एकटाच चालत खेळपट्टीपर्यंत गेला आणि वाकून त्याने त्या मातीला नमस्कार केला.

खेळाडू निवृत्त होतात. चाळिशीतला एक सुखी, यशस्वी माणूस नोकरी संपवून घरी जात होता, एवढीच ती घटना. मग कोट्यवधी डोळ्यांमध्ये एकाच वेळी पाणी का आलं? ते पाणी नेमकं कुठून आलं, आणि ते सोडायचा हुकूम कुणी दिला? या प्रश्नामागे लागलं की शरीरातल्या एका छोट्याशा नळापासून सुरुवात होते आणि माणूस माणसाला कसा बांधलेला आहे तिथपर्यंत जाऊन पोचायला होतं.

आधी नळ पाहू. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, कवटीच्या खोबणीत, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची अश्रुग्रंथी असते. आपण रडत नसतो तेव्हाही तिचं आणि तिच्या छोट्या सोबतिणींचं काम चालूच असतं, कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा सतत ओला राहिला नाही तर आपल्याला नीट दिसणारच नाही. या ओलाव्याची रचना फार सुंदर आहे. अगदी आतला थर चिकट श्लेष्माचा, तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. मधे खारट पाणी. सगळ्यांत वर तेलाचा पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या ग्रंथींमधून येतं आणि खालचं पाणी लवकर सुकू देत नाही. प्रत्येक वेळी पापणी लवते तेव्हा हे तिन्ही थर नव्याने पसरले जातात. आणि हा सगळा साठा एका डोळ्यावर किती? साधारण सात मायक्रोलिटर, म्हणजे लिटरच्या दहा लाख भागांतले सात. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब याच्या कितीतरी पट मोठा असतो.

वापरून झालेलं पाणी जायला वाटही आहे. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाकडच्या कोपऱ्याशी किंचित खाली ओढा. तिथे टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही असंच एक आहे. या छिद्रांतून पाणी एका बारीक पिशवीत आणि तिथून नळीवाटे थेट नाकात उतरतं. म्हणून रडताना आधी नाक वाहायला लागतं. पदराने किंवा रुमालाने नाक पुसतो तेव्हा आपण बऱ्याच अंशी अश्रूच पुसत असतो. नळीला झेपेल त्याहून जास्त पाणी आलं की मगच ते पापणीची कड ओलांडून गालावर येतं.

या पाण्यात नुसतं मीठ नसतं. अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव आपल्याला पेनिसिलिनमुळे माहीत आहे, पण त्याच्या सहा-सात वर्षं आधी, १९२१-२२ मध्ये, त्यांना शरीराच्या स्रावांमध्ये जिवाणू विरघळवणारा एक पदार्थ सापडला होता. त्याला त्यांनी लायसोझाइम हे नाव दिलं. अश्रूंमध्ये तो भरपूर असतो, त्यामुळे प्रयोगांसाठी अश्रू हवेत, म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळण्यापर्यंत मजल गेली. जिवाणूंच्या पेशीभित्तिका तोडणारं हे रसायन चोवीस तास आपल्या डोळ्यांवर पहारा देत असतं.

लिंबाने डोळ्यांत येतं ते पाणी दुसऱ्या जातीचं. धूर, कचरा, तिखट, कांदा यांना उत्तर म्हणून येणारं. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याची अवाढव्य बाजारपेठ आहे, पण तिथे कांद्यांच्या ढिगांमधून दिवसभर फिरलात तरी डोळ्यांत पाणी येणार नाही. ते येतं विळी चालल्यावर. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त रसायन एका कप्प्यात आणि त्याला तोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पातं फिरलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात. त्यापुढे डोळ्याला झोंबणारा वायू आपसूकच तयार होतो, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या शेवटच्या पायरीसाठी कांद्याकडे आणखी एक वेगळं विकर आहे. आपल्याला रडवायची कांद्याने अशी खास तजवीज केलेली आहे. तो वायू डोळ्यावरच्या पाण्यात विरघळतो, बुबुळावरच्या मज्जातंतूंची आग होते, ही वर्दी पाचव्या कपालतंतूवरून मेंदूच्या बुंध्याशी पोचते आणि तिथून अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो. सरळ रस्ता.

खरं गूढ तिसऱ्या जातीच्या अश्रूंचं. सचिनच्या भाषणाचा कुणाच्या बुबुळाला स्पर्श झालेला नव्हता. डोळ्याला काही खुपत नसताना, फक्त अर्थ कळल्यामुळे, त्याच ग्रंथीतून तेच पाणी येतं. इथे हुकूम वरून येतो: भावनांशी संबंधित मेंदूचे भाग, त्यांच्याखालचं हायपोथॅलॅमस, मग बुंध्यातलं केंद्र, आणि शेवटचा टप्पा सातव्या कपालतंतूच्या फाट्यांवरून. त्याच सुमारास घशात आवंढा येतो. त्याचं दिलं जाणारं कारण असं: भावनेच्या भरात शरीर जास्त हवा घ्यायच्या तयारीत श्वासमार्गाचं तोंड उघडं ठेवू पाहतं, तर गिळताना ते मिटावं लागतं. उघड आणि मीट या दोन आज्ञांची ओढाताण आपल्याला गोळ्यासारखी जाणवते.

ही वरची वाट जन्मतः तयार नसते, हे मला या सगळ्यातलं फार मोठं नवल वाटतं. तान्हं बाळ टाहो फोडतं, पण सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्या गालावर पाणी नसतं. चार्ल्स डार्विनने ही गोष्ट आपल्या मुलांमध्ये बारकाईने टिपली आणि १८७२ च्या भावाविष्कारांवरच्या ग्रंथात लिहिली. एक बाळ ७७ दिवसांचं असताना डार्विनच्या कोटाची बाही चुकून त्याच्या डोळ्याला लागली. त्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. बाळ किंचाळत होतं, पण दुसरा डोळा जवळजवळ कोरडा! म्हणजे खुपल्यावर पाणी सोडण्याची वाट तयार होती, दुःखाची वाट अजून बांधली जायची होती. त्याच बाळाच्या गालावर रडताना अश्रू ओघळले ते १३९ व्या दिवशी. इतक्या तपशिलाने पाहणाऱ्या या माणसाने निष्कर्ष मात्र असा काढला की भावनेने येणाऱ्या अश्रूंना स्वतःचं असं काही प्रयोजन नाही. ओरडताना डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि त्या दाबाचा तो ओघाने होणारा परिणाम आहे. इथे डार्विन कमी पडला असं मला वाटतं. स्नायू जराही न आवळता, चेहरा शांत असताना, डोळे आपोआप भरून येतात. ते या स्पष्टीकरणात कुठे बसवायचं?

वरची वाट आणि मनातलं दुःख यांची फारकतही होऊ शकते, आणि ती पाहिली की एरवी त्यांची जोडी किती घट्ट असते ते कळतं. चेहऱ्याचा लकवा बरा होताना कधीकधी लाळेच्या ग्रंथीकडे जाणारे तंतू चुकून अश्रुग्रंथीकडे वाढतात. मग घास समोर आला की तोंडाऐवजी त्या बाजूच्या डोळ्याला पाणी सुटतं. मेंदूत रक्तस्राव किंवा अडथळा होऊन गेलेल्या काही रुग्णांना क्षुल्लक कारणावरून हुंदके आवरत नाहीत आणि ते स्वतःच सांगतात की मला वाईट काहीच वाटत नाहीये. घरच्यांनी हे ओळखायला हवं, कारण यावर औषधोपचार आहेत आणि रुग्ण उगाच संकोचून बसतो.

बाकी प्राण्यांचे डोळे ओलावतात, पण भावनेने गालावर अश्रू ओघळणं ही जवळजवळ नक्कीच एकट्या माणसाची गोष्ट. २०२२ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या ताकेफुमी किकुसुई यांच्या गटाने पाळीव कुत्र्यांच्या डोळ्यांतला ओलावा मोजला. काही तासांच्या ताटातुटीनंतर मालक भेटला की तो वाढलेला आढळला. टपटप गळण्याइतका नाही, पण वाढलेला. मालकाच्या भेटीने वाढला, ओळखीच्या दुसऱ्या माणसाच्या भेटीने तसा वाढला नाही.

माणसालाच हे का मिळालं असावं? नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात आड फिंगरहुट्स यांनी आयुष्य या एका प्रश्नाला वाहिलं. त्यांच्या विचाराचा गाभा असा आहे की आवाजाने केलेली हाक सगळ्यांना ऐकू जाते, आईलाही आणि भक्षकालाही. माणसाचं पोर सर्वांत जास्त काळ परावलंबी राहतं. ते मोठं होतं तसा रडण्यातला आवाज मागे पडतो आणि पाणी उरतं. पाण्याची हाक मुकी असते. जो जवळ आहे, जो चेहऱ्याकडे पाहतो आहे, त्यालाच ती पोचते. इस्रायली जीवशास्त्रज्ञ ओरेन हॅसन यांनी यात आणखी एक भर घातली: अश्रूंनी नजर धूसर होते, म्हणजे रडणारा स्वतःचा बचाव ढिला करतो, आणि माझ्यापासून तुला धोका नाही हे समोरच्याला पटतं.

ही हाक किती स्पष्ट असते हे अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी २००९ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवलं. रडणाऱ्या माणसांची छायाचित्रं घेतली, संगणकावर फक्त अश्रू पुसून टाकले आणि दोन्ही प्रकारची चित्रं लोकांपुढे ठेवली. अश्रू नसलेले तेच चेहरे कमी दुःखी वाटले. एवढंच नाही, त्यांचा अर्थच लागेना. कुणाला तिथे आश्चर्य दिसलं, कुणाला बुचकळ्यात पडलेला माणूस. ओठ, कपाळ, भुवया सगळं जागच्या जागी होतं. दोन थेंबांनी त्या चेहऱ्याचं वाक्य पूर्ण केलं होतं.

अश्रूंमधून विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणून हलकं वाटतं, हे मात्र फार लोकप्रिय होऊन बसलेलं आणि फारसा पुरावा नसलेलं मत आहे. त्याचा उगम विल्यम फ्रे यांच्या १९८० च्या दशकातल्या कामात आहे. भावनेच्या अश्रूंमध्ये कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त असल्याचं त्यांना आढळलं होतं. पण काही थेंबांतून शरीर धुऊन निघेल ते कितीसं? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या नोम सोबेल यांच्या गटाचे प्रयोग जास्त विलक्षण आहेत. बायकांचे अश्रू हुंगलेल्या पुरुषांमध्ये, वास मुळीच आला नसतानाही, टेस्टोस्टेरॉन उतरल्याचं त्यांनी २०११ मध्ये मांडलं, आणि २०२३ मध्ये एका खेळातली त्यांची आक्रमकता चाळीस टक्क्यांहून जास्त घटल्याचं. २०११ च्या निष्कर्षाचा काही भाग दुसऱ्या संशोधकांना तसाच मिळाला नाही, म्हणून मी यावर फार भार टाकणार नाही.

आता वानखेडेवरच्या प्रश्नाला हात घालता येईल. ॲलन फिस्के हे मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी थॉमस शुबर्ट व बेआटे झाइब्ट यांनी अनेक देशांतल्या लोकांना विचारलं की मन भरून येतं ते नेमकं कधी. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: प्रेम असतं तेव्हा नाही, तर प्रेम एकाएकी वाढतं किंवा एकाएकी दिसतं तेव्हा. रोजच्या सवयीखाली दबलेलं नातं अचानक उघडं पडतं, छातीत ऊब दाटते, अंगावर काटा येतो, डोळे भरतात. आचरेकर सरांच्या न मिळालेल्या शाबासकीची गोष्ट ऐकताना हेच झालं. ज्यांनी जन्मात बॅट धरली नाही त्यांनाही आपला कुणी कडक बाप, कुणी अबोल मास्तर त्या क्षणी दिसला. इतकी वर्षं जे कठोरपण वाटत होतं ती माया होती, हे एका वाक्यात उघड झालं.

'श्यामची आई' आठवा. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेला १९५३ चा चित्रपट राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट ठरला. घराघरांत ते पुस्तक वाचताना आवाज कापला आहे. आईच्या मृत्यूपाशी रडू येणं समजू शकतं. पण अनेकांचे डोळे त्याच्या कितीतरी आधी भरतात: अंघोळ झालेल्या श्यामला ओल्या पायांना माती लागायला नको असते, आणि आई दगडावर स्वतःचं लुगडं पसरून त्याला त्यावर पाय ठेवू देते. तिथे कुणाचं काही हरवत नाही. उलट एक गरीब बाई जवळ आहे ते सगळं देऊन टाकते. वारीतही हेच. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या माणसाला पंढरीचा कळस दिसतो आणि त्याच्या डोळ्यांना धार लागते, ती थकव्याची नसते.

भरतमुनींना हा गुंता माहीत होता. नाट्यशास्त्रात अश्रूंची कारणं देताना त्यांनी आनंद, राग, भय आणि शोक यांच्या पंगतीत धूर, काजळ, जांभई, थंडी, रोग आणि एकटक पाहणं यांनाही बसवलं आहे. आजच्या शरीरशास्त्राने पाडलेले खुपल्याचे आणि भावनेचे असे दोन्ही वर्ग त्या यादीत आहेत, आणि त्यात आनंद पहिला आहे. अष्टसात्त्विक भावांमध्ये अश्रूंच्या शेजारी त्यांनी रोमांच ठेवला, स्वरभंग ठेवला, कंप ठेवला. काटा, घशातला आवंढा, थरथर. फिस्के यांच्या प्रश्नावलीतही साधारण हीच मंडळी भेटतात. आणि भरत म्हणतात की हे भाव नटाला एकाग्र मनाशिवाय आणता येत नाहीत. मन दुसरीकडे ठेवून खोटे अश्रू काढता यायचे नाहीत.

संगीताचं काय, हा प्रश्न मात्र मला शेवटपर्यंत सोडत नाही. तिथे आई नाही, सर नाहीत, कळस नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांना विचारलं की तुम्हाला रडू येतं ते कोणत्या रचनेतल्या नेमक्या कोणत्या जागी. त्या जागा स्वरलिपीत तपासल्या तेव्हा एक खूण पुन्हा पुन्हा सापडली: गाणं अपेक्षित स्वरावर थेट न जाता शेजारच्या, त्या घडीला न जुळणाऱ्या स्वरावर टेकतं, तिथे क्षणभर रेंगाळतं आणि मग हव्या त्या स्वरावर उतरतं. अंगावर काटा आणणाऱ्या जागा वेगळ्या निघाल्या. तिथे स्वरसंगतीत (हार्मनीत) अनपेक्षित वळण होतं. आपल्याकडे भैरवी ऐकताना डोळे पाणावतात तेव्हा कान कुठल्या जागी होता हे कधी मुद्दाम पाहा. बहुतेक वेळा कोमल स्वरावरून षड्जाकडे येणाऱ्या एखाद्या मिंडीपाशी तो सापडतो. हे माझं निरीक्षण आहे, स्लोबोडांचं नाही. पण टेकणं, अडखळणं आणि परतणं हे ताटातूट आणि भेट यांचंच सर्वांत छोटं रूप आहे, असं मी मनापासून मानतो. मालक भेटल्यावर कुत्र्याच्या डोळ्यांत वाढलेला तो ओलावा मला इथे आठवतो.

रडून मोकळं वाटतं का? फिंगरहुट्स यांच्यासोबत काम करणाऱ्या अस्मिर ग्राचानिन यांनी २०१५ मध्ये लोकांना दोन चित्रपट दाखवले. त्यातला एक होता 'हाचिको', मेलेल्या मालकाची स्टेशनवर वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या कुत्र्याचा. चित्रपट संपल्याबरोबर रडलेल्यांची मनःस्थिती बिघडलेलीच होती. वीस मिनिटांनी ती पूर्ववत झाली आणि दीड तासाने चित्रपटाआधी होती त्याहूनही चांगली झाली. न रडलेल्यांच्या मनःस्थितीत मात्र असा चढउतार दिसला नाही. इतर पाहण्यांमध्ये असं दिसतं की रडताना जवळ धीर देणारं माणूस असेल तर बरं वाटण्याची शक्यता वाढते, आणि रडल्याची लाज वाटली तर ती घटते.

आणि लाज ही देशागणिक बदलते. ३७ देशांमधल्या लोकांच्या रडण्याची तुलना झाली तेव्हा अपेक्षेच्या अगदी उलटं चित्र पुढे आलं: जिथे हलाखी जास्त तिथे लोक जास्त रडत असतील असं वाटावं, पण जास्त रडणं नोंदलं गेलं ते सधन आणि मोकळेपणाने बोलता येणाऱ्या देशांत. बायका आणि पुरुष यांच्या रडण्यातला फरकही त्याच देशांत जास्त मोठा निघाला. मोकळीक मिळाली तेव्हा बायकांनी ती घेतलेली दिसते. पुरुष तिथेही अजून मागेच आहेत.